व्हायनल की अ‍ॅल्युमिनियम? न्यू जर्सीच्या घराला दोन्ही फेन्स लावून तीन-चार हिवाळे काढल्यावर लिहितेय

खांब किती खोल जाणार? हा एक प्रश्न मी २०२१ च्या मे महिन्यात फेन्सवाल्याला, म्हणजे कुंपण घालणाऱ्याला, विचारायला हवा होता, आणि तो सोडून मी बाकी सगळं विचारलं, म्हणजे पांढरा की बदामी, वर जाळीचं डिझाईन मिळेल का, टोप्या गोल की चौकोनी, पैसे हप्त्याने चालतील का. आता चार हिवाळे झालेत, एक मोठं वादळ झालंय, मागच्या अंगणात व्हायनल म्हणजे प्लास्टिकची आणि रस्त्याच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियम अशा दोन्ही फेन्स रोज डोळ्यासमोर आहेत, आणि इथे घर घेतलेल्या ओळखीतल्या निदान पाच जणांनी मला फोन करून हेच विचारलंय की कुठली लावू, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. लांबेल, पण घाईत वाचू नका, फुटाला पन्नास डॉलरच्या आसपासचा मामला आहे.

आधी आमच्या घराबद्दल. मध्य न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत, कोपऱ्यावरचा प्लॉट. कोपऱ्यावरचा म्हणजे दोन बाजूंनी रस्ता, आणि मागे पावसाचं पाणी साठायला टाऊनशिपने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, केलेला मोठा खळगा. मुलगा तेव्हा दोन वर्षांचा, दार उघडं दिसलं की धूम ठोकायचा, आणि त्या खळग्यात पाऊस झाला की दोन-दोन दिवस पाणी. दुसरं म्हणजे सासूबाई उन्हाळ्यात येतात तेव्हा मागच्या अंगणात कुरडया, सांडगे, भरल्या मिरच्या असं वाळवण घालतात, आणि त्यांना येणाजाणाऱ्याची नजर नको असते. त्या मोकळेपणाने बोलल्या नाहीत कधी, पण येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाठ करून बसायच्या हे मला दिसत होतं. म्हणजे मागे पूर्ण आडोसा हवा होता. पण रस्त्याच्या बाजूला आमच्या टाऊनशिपचा नियम असा की चार फुटांच्या वर नाही आणि आरपार दिसलं पाहिजे, कारण वळणावर गाडीवाल्याला समोरचं दिसायला हवं. म्हणून दोन प्रकार. हौस म्हणून नाही, नियमाने तशी वेळ आणली.

लाकडाची का नाही असं सगळे विचारतात, कारण दिसायला ती सगळ्यात गोड. शेजारच्या आजोबांची सिडर लाकडाची आहे, आणि दर एप्रिलमध्ये जाडजूड काळे भुंगे तिला पेन्सिलीएवढी गोल गोल भोकं पाडतात, त्यांना इथे कार्पेंटर बी म्हणतात. आजोबा दर दोन-तीन वर्षांनी तिला रंग-पॉलिश करतात, एकदा मी त्यांना विचारलं तर म्हणाले, मी रिटायर आहे, मला वेळ आहे, तुम्हाला कुठे आहे. खरं होतं. शिवाय २०२१ चा तो मे महिना म्हणजे इथे लाकडाचे भाव आभाळाला टेकले होते, त्यामुळे लाकडाची स्वस्ताई पण उरली नव्हती.

मग व्हायनल ठरलं, म्हणजे पीव्हीसीच, आपल्याकडे पाइप असतात तेच प्लास्टिक, फक्त उन्हात पिवळं आणि ठिसूळ होऊ नये म्हणून त्यात टायटॅनियम डायऑक्साइड मिसळतात. ते पुरेसं नसलं की काही वर्षांत हात लावला की पांढरी भुकटी हाताला येते. त्या वर्षी फेब्रुवारीत टेक्सासमध्ये जी भयानक थंडी पडली होती तिच्यात पीव्हीसी बनवणारे कारखाने बंद पडले, त्यामुळे आम्हाला मालासाठी नऊ आठवडे थांबावं लागलं, आणि त्या नऊ आठवड्यांत मी अभ्यास करायला हवा होता तो केला नाही.

तो अभ्यास मी नंतर केला, तुम्हाला आयता देते. दुकानात सगळ्या पांढऱ्या फेन्स सारख्याच दिसतात. फरक असतो तो जाडीत आणि पोटात. खांबाचा कापलेला तुकडा मागा आणि भिंतीची जाडी मोजा. आमच्याकडे पाच इंची चौकोनी खांब आले, भिंत ०.१३५ इंच, त्याहून पातळ घेऊ नका, दाबला तर बोटाखाली आत जाता कामा नये. दुसरी गोष्ट, खालची आडवी रेल. सहा फूट उंच, आठ फूट रुंद असं एक पॅनल असतं आणि सगळ्या उभ्या फळ्यांचं वजन त्या खालच्या रेलवर येतं. ती नुसती पोकळ प्लास्टिकची असेल तर दोन उन्हाळ्यांत मध्ये पोट सुटतं, तिच्या आत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घातलेली हवी. ती पट्टी आहे का हे डोळ्यांनी बघा, ब्रोशरवर विश्वास ठेवू नका. आमच्यात आहे, आणि चार वर्षांनी आजही मागून दोरी धरली तर रेल सरळ आहेत, याबद्दल मालाला पैकीच्या पैकी मार्क देते. माल उत्तम होता. घोळ झाला तो लावण्यात.

त्याआधी कागदपत्रांचं थोडक्यात, कारण यात लोक फार चुकतात. घर घेताना मिळालेला सर्व्हेचा नकाशा शोधून ठेवा, त्यावर फेन्सची रेघ काढून टाऊनशिपला द्यायची आणि झोनिंग परमिट घ्यायचं. नकाशात ईझमेंट दिसतंय का बघा, म्हणजे जमीन तुमची पण पाण्याच्या किंवा विजेच्या लाइनसाठी दुसऱ्याचा हक्क. आमच्या मागच्या बाजूला दहा फुटांची होती, म्हणून फेन्स दहा फूट आत घ्यावी लागली, तेवढं अंगण गेलं याचं मला अजूनही वाईट वाटतं. फेन्सची चांगली बाजू शेजाऱ्याकडे हवी असा पण नियम असतो, व्हायनल दोन्हीकडून सारखीच दिसते त्यामुळे तो प्रश्नच येत नाही. खणायच्या निदान तीन कामाचे दिवस आधी ८११ ला फोन करायचा, फुकट असतो, माणसं येऊन जमिनीखालच्या लाइन कुठून जातात त्याच्या गवतावर रंगाने खुणा करून जातात, पिवळा म्हणजे गॅस, लाल वीज, नारिंगी केबल आणि फोन, निळा पाणी, हिरवा ड्रेनेज. पण तुमच्या स्वतःच्या स्प्रिंकलरच्या नळ्या ते दाखवत नाहीत. आमची एक तुटली. आणि कॉन्ट्रॅक्टरचा राज्याचा रजिस्ट्रेशन नंबर बघा, न्यू जर्सीत तो १३व्हीएच ने सुरू होतो, पाचशे डॉलरच्या वरचं घरकाम असेल तर करार लेखीच हवा असा कायदा आहे आणि सही केल्यावर तीन कामाच्या दिवसांत तो रद्द करता येतो. हे सगळं आमच्याकडे होतं हो. लेखी करार होता, नंबर होता, रेघ न रेघ वाचली होती. त्यात फक्त खांबाच्या खड्ड्याची खोली लिहिलेली नव्हती आणि ती लिहिलेली नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही.

जुलैच्या शेवटी माणसं आली, दीड दिवसात १६८ फूट फेन्स उभी. २१ पॅनल. इतकी सुंदर दिसत होती, संध्याकाळचं ऊन पडलं की सगळं अंगण उजळायचं. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी गव्हाचा चीक केला आणि कुरडया घातल्या, पहिल्यांदाच त्या अंगणाच्या मधोमध खुर्ची टाकून निवांत बसल्या.

१ सप्टेंबर २०२१ ला रात्री आयडा वादळाचा पाऊस आला. इथे राहणाऱ्यांना ती रात्र सांगायला नको. आमच्या मागचा खळगा भरून पाणी फेन्सच्या बुडापर्यंत आलं, जमीन लोण्यासारखी झाली, आणि सकाळी बघते तर खळग्याच्या बाजूचे चार खांब बाहेरच्या अंगाला कललेले. व्हायनलचं असं असतं की रेल खांबाच्या भोकात नुसती अडकवलेली असते, आत खाच असते, स्क्रू नसतो. खांब कलला की रेल भोकातून निसटते आणि रेल निसटली की फळ्या पत्त्यांसारख्या खाली. दोन पॅनल चिखलात पडलेली, आणि मुलगा त्या मोकळ्या जागेतून पाण्याकडे बोट दाखवत होता. मी त्याला घट्ट धरून तशीच उभी राहिले.

कंपनीला फोन केला तर म्हणे वादळाचं नुकसान वॉरंटीत येत नाही. नाव लिहीत नाही, लिहायची गरज पण नाही. त्या संध्याकाळी बाबांशी बोलणं झालं, ते रत्नागिरीकडे असतात, दर वर्षी पावसाळा संपला की भाजीच्या मळ्याला स्वतः वई घालतात, बांबू आणि काटेरी झाळी, आणि वाडीत कुणाची वई पडली तर आधी त्यांना बोलावतात. मी वारा, पाऊस, पूर सगळं रंगवून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "ते राहू दे. खड्डा केवढा घेतलान त्याने?" मला सांगताच येईना. फोन ठेवला आणि नवऱ्याने पडलेला खांब हलवून वर काढला. खांब हाताने वर आला हीच मोठी गोष्ट. टेप लावली तर जमिनीखाली वीस इंच, आणि बुडाला नारळाएवढं काँक्रीट.

आता हे नीट समजून घ्या, कारण व्हायनल असो की अ‍ॅल्युमिनियम, सगळा जीव यात आहे. इथे थंडीत जमिनीतलं पाणी गोठतं आणि फुगतं. आमच्या भागात ३६ इंच खोलीपर्यंत गोठणार असं धरून चालतात. खांबाचं बूड त्याच्या वर राहिलं तर दर हिवाळ्यात गोठलेली माती त्याला चिमटीत धरून वर उचलते आणि वितळली की पूर्ण परत बसू देत नाही. सहा फूट उंच बंद फेन्स म्हणजे जहाजाचं शीडच, सगळा वारा अंगावर घेते, तिचा खांब तर खोल हवाच. खड्डा ३६ इंच, दहा-बारा इंच रुंद, बुडाला चार-पाच इंच खडी म्हणजे पाणी साठत नाही, मग काँक्रीट. आणि काँक्रीट वर पसरट छत्रीसारखं होऊ द्यायचं नाही, कारण त्या छत्रीच्या कडेखाली बर्फ शिरला की तोच तिला उपटतो, वर निमुळतं किंवा निदान सरळ ठेवायचं आणि शेवटचे दोन-तीन इंच मातीने भरायचं. करारात हे आकडे लिहून घ्या. ओतायच्या आधी स्वतः खड्ड्यात टेप सोडा, फोटो काढा. चांगला माणूस याचा राग मानत नाही, हे पुढे दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरने दाखवून दिलं.

पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने खूप ईमेल आणि फोटोंनंतर सात आठवड्यांनी येऊन ते चार खांब परत गाडले, वर चारशे डॉलर घेतले. बाकीच्यांतले दोन जानेवारीत इंचभर वर आले, रेल वाकड्या दिसायला लागल्या. ते २०२२ मध्ये दुसऱ्याकडून करून घेतले. तेव्हापासून आजपर्यंत काही नाही.

अ‍ॅल्युमिनियम याच दुसऱ्या माणसाने एप्रिल २०२२ ला लावलं, रस्त्याच्या बाजूचं, ६० फूट, चार फूट उंच, काळं. त्याला मी पहिलाच प्रश्न खोलीचा विचारला तर त्याने ट्रकमधून खड्डा खणायचं मशीन काढून त्याच्या दांड्यावर टेपने केलेली खूण दाखवली. तिथली आमची जमीन उताराची आहे. उतारावर व्हायनल लावलं तर पायऱ्या-पायऱ्यांनी लावावं लागतं आणि प्रत्येक पायरीखाली त्रिकोणी फट राहते. अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनलमध्ये पट्ट्या रेलमध्ये थोड्या फिरतात, त्यामुळे पॅनल उताराबरोबर तिरकं होतं, खाली सारखं अंतर राहतं. पण प्रत्येक पॅनल किती उतार घेतं याला मर्यादा असते, तुमचा उतार आधी मोजून सांगा.

अ‍ॅल्युमिनियमला लाल गंज चढत नाही हे खरं, पण म्हणून त्याला काहीच होत नाही असं नाही. वर पावडर कोटिंग असतं, ते कुठे खरवडलं गेलं आणि मिठाचं पाणी लागलं की आतून पांढरी बुरशीसारखी भुकटी येते आणि कोटिंगला फोड येतात. न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ ढकलणारा ट्रक तो सगळा खारट चिखल आमच्या फेन्सवर उडवतो. म्हणून मार्चमध्ये पहिला ऊबदार दिवस आला की मी पाइपने साध्या पाण्याने ती बाजू खालपासून वरपर्यंत धुते, पंधरा मिनिटांचं काम. ओरखडा दिसला तर त्याच रंगाच्या टच-अप पेनने भरते. लावतानाच ओलं सिमेंट खांबावर उडालं तर लगेच पुसून घ्या, अ‍ॅल्युमिनियमला ओलं सिमेंट खातं. आणि नंतर घरी काही स्क्रू मारायचा असेल, घराचा नंबर किंवा कुंडी अडकवायला, तर साधा लोखंडी स्क्रू वापरू नका, दोन वेगळे धातू आणि खारं पाणी एकत्र आलं की अ‍ॅल्युमिनियम त्या भोकाभोवती झिजतं. स्टेनलेसचा घ्या.

ज्यांच्याकडे स्विमिंग पूल आहे त्यांना बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच बरं पडतं, घरातून पूल दिसत राहतो. माझ्या मैत्रिणीने तेच केलं. पण तिथे नियम कडक आहेत, उंची निदान ४८ इंच, पट्ट्यांमध्ये चार इंचांपेक्षा जास्त फट नाही, गेट पूलच्या बाहेरच्या दिशेने उघडणारं, आपोआप बंद होणारं आणि खिट्टी आपोआप लागणारी. मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, त्यात एक इंच पण इकडेतिकडे करू नका.

आता दोन्ही एकाच घरी असल्यामुळे मला जे दिसलं ते सांगते. व्हायनल जिवंत असल्यासारखं वागतं. उन्हाळ्यात वाढतं, हिवाळ्यात आखडतं, आठ फुटांची रेल जुलैची दुपार आणि जानेवारीची पहाट यांच्यात पाव इंचाच्या वर कमी-जास्त होते, म्हणून तर ती खांबात सैल ठेवलेली असते. थंडीत कधी कधी टक्क असा आवाज येतो, पहिल्या वर्षी मी दचकून उठले होते. आणि कडक थंडीत ते ठिसूळ होतं. २०२४ च्या जानेवारीत शेजारच्या मुलाने स्नो ब्लोअर चालवताना बर्फाबरोबर दगड उडाला आणि एक फळी काचेसारखी तडकली. उन्हाळ्यात तोच दगड आपटून खाली पडला असता. ती एक फळी बदलता आली, पूर्ण पॅनल नाही, हा व्हायनलचा फायदाच, पण लक्षात ठेवा की एका कंपनीची फळी दुसऱ्या कंपनीच्या खाचेत बसत नाही. म्हणून लावतानाच दोन-तीन जास्तीच्या फळ्या, चार टोप्या मागून घ्या आणि मॉडेलचं नाव करारावर लिहून घ्या. मी तेवढं मात्र केलं होतं. नवीन फळी पहिले सहा महिने बाकीच्यांपेक्षा जास्त पांढरी दिसत होती, आता ओळखू येत नाही.

उष्णतेचं जास्त जपा. बार्बेक्यूचं ग्रिल फेन्सला टेकून ठेवलं तर फळ्या वितळून लोंबतात, आम्ही ते दहा फुटांवर ठेवतो. आणि एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, नवीन खिडक्यांच्या काचांना उष्णता अडवणारा थर असतो, त्यांच्यावरून परावर्तित झालेलं ऊन एका पट्ट्यात गोळा होऊन व्हायनलवर पडलं तर ते वाकडं होतं. आमच्या मागच्या रस्त्यावरच्या एका घरी पाच फळ्या अशा लाटेसारख्या झाल्यात, घरमालकाला वाटत होतं माल खराब आहे. खिडकीला बाहेरून जाळी लावली की हे थांबतं.

हरणं. न्यू जर्सीत राहता म्हणजे हरणं आहेतच. चार फुटांचं अ‍ॅल्युमिनियम त्यांच्यासाठी उंबरठा आहे, आठवड्याला दोनदा ओलांडून येतात आणि पुढची झेंडूची रोपं शिल्लक ठेवत नाहीत. मागची सहा फुटांची मात्र ओलांडलेली मी अजून पाहिली नाही. उंचीचा भाग आहेच, पण पलीकडे काय आहे ते दिसत नसेल तर ती उडी घ्यायला बिचकतात असं आजोबांचं म्हणणं, आणि आमचा घेवडा चार वर्षं शाबूत आहे. ग्राउंडहॉग, म्हणजे बिळं करणारा घुशीसारखा पण मोठा प्राणी, मात्र दोन्हीच्या खालून बोगदा काढतो, त्याला जमिनीत जाळी पुरावी लागते, बाहेरच्या अंगाला वळवून.

घेवड्यावरून आठवलं, वेल थेट व्हायनलवर चढवू नका. मी पहिल्या वर्षी चढवला, खूप छान दिसत होता, शेवग्याच्या शेंगांएवढ्या घेवड्याच्या शेंगा सासूबाईंनी परातीने काढल्या. पण पानांमागे ओल राहून हिरवं-काळं शेवाळ धरलं ते घासता घासता ऑक्टोबर उजाडला. आता फेन्सपासून फूटभर पुढे वेगळा मांडव करतो.

धुण्याबद्दल. "मेंटेनन्स-फ्री" हा शब्द विक्रेता दहा वेळा वापरेल. रंग लागत नाही हे खरं, धुवावी मात्र लागते. उत्तरेकडची बाजू, जिथे ऊन येत नाही, ती दर वर्षी हिरवी होते. मी मेच्या शेवटी धुते, कारण त्याआधी धुतलं तर झाडांची पिवळी परागाची धूळ परत बसते. पाणी, भांड्यांचा साबण थोडासा, गाडी धुवायचा मऊ ब्रश. शेवाळाला तीन भाग व्हिनेगर सात भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून घासलं की निघतं. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीच करू नका, विषारी वायू तयार होतो, हे मुलांना मदतीला घेताना तर अजिबात विसरू नका. तारेची घासणी नको, नेलपॉलिश रिमूव्हर तर नकोच, त्याने व्हायनल विरघळतं. प्रेशर वॉशर लांबून आणि हलक्या दाबाने. आमच्या कोपऱ्यावर एक झाड आहे ज्यावर लँटर्नफ्लाय बसतात, ते ठिपक्यांचे लाल पंखांचे किडे, त्यांचा चिकट पाक फेन्सवर पडतो आणि त्यावर काजळीसारखी बुरशी धरते. तो ताजा असताना गरम पाण्याने दहा मिनिटांत जातो, वाळला की अर्धा दिवस जातो.

आणि बुडाकडे बघा, वर्षातून दोनदा. खालच्या रेलला पाणी जायला बारीक भोकं असतात, त्यांच्यावर आपण मल्च (झाडांच्या बुडाशी पसरतात तो लाकडाचा चुरा) किंवा माती चढवतो, भोकं बुजतात, आत पाणी साठतं, ते हिवाळ्यात गोठतं आणि रेल चिरते. मी फेन्सखाली फूटभर रुंद खडीची पट्टी केलीय, त्यामुळे भोकं मोकळी राहतात आणि गवत कापायच्या दोरीच्या मशीनने फळ्यांवर ओरखडे पडत नाहीत. खांबांच्या टोप्या वाऱ्याने उडतात, उघड्या पोकळ खांबात गांधीलमाश्या घर करतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मुलाला दोन चावल्या, तेव्हा कळलं. त्याच आठवड्यात सगळ्या टोप्या सिलिकॉनचा एक थेंब लावून बसवल्या.

गेट दोन्हींचं आधी कुरकुरतं. व्हायनलचं गेट रुंद करू नका, चार फूट पुरे, आणि ज्या खांबाला ते टांगलंय त्याच्या आत धातूचा सळीवजा आधार घातलेला हवा, नाहीतर खांबच वाकतो आणि खिट्टी जुळत नाही. बिजागऱ्यांना घट्ट करायचा स्क्रू असतो, मी दर वसंतात अर्धा फेरा देते. गवत कापायचं मोठं मशीन आत न्यायचं असेल तर दोन झडपांचं गेट अ‍ॅल्युमिनियममध्ये घ्या, ते हलकं असतं, खाली झुकत नाही. आमचं अ‍ॅल्युमिनियमचं गेट तीन वर्षांत एकदाही उचलून लावावं लागलं नाही, व्हायनलचं दर वर्षी लागतं.

पैशांचं सांगते. व्हायनल २०२१ मध्ये फुटाला ४४ डॉलर पडलं, गेटचे वेगळे ६५०. अ‍ॅल्युमिनियम २०२२ मध्ये फुटाला ५२, गेटचे ७००. आताचे भाव वेगळे असतील, तीन कोटेशन घ्या, आणि जमलं तर फेब्रुवारीत घ्या, तेव्हा त्यांच्याकडे काम कमी असतं आणि माणूस तुमच्या अंगणात अर्धा तास उभा राहून बोलतो. वॉरंटीचा कागद मागून वाचा. "लाइफटाइम" लिहिलेलं असलं तरी आमच्या कागदात ते फक्त मालाचं आहे, मजुरी नाही, वारा नाही, जमीन गोठून खांब वर आला तर ते नाही, आणि घर विकलं तर पुढच्या मालकाला त्यातलं फार थोडं मिळतं.

आडोसा हवा, जमीन सपाट आहे, दर वर्षी एक शनिवार धुवायला देऊ शकता, तर व्हायनल घ्या, मनापासून सांगते. उतार आहे, रस्त्याकडची बाजू आहे, पूल आहे, किंवा मागे छान झाडी आहे आणि ती झाकायची नाही, तर अ‍ॅल्युमिनियम. समुद्राजवळ, जर्सी शोअरकडे घर असेल तर मी तरी व्हायनल घेईन, खाऱ्या हवेचा त्याला काही त्रास नाही, फक्त तिकडच्या वाऱ्यासाठी खांब जवळ-जवळ घ्या, आठऐवजी सहा फुटांवर.

मार्क द्यायचे तर व्हायनलच्या मालाला पाचपैकी चार, अ‍ॅल्युमिनियमला साडेचार, पहिल्या लावणाऱ्याला एक, दुसऱ्याला पाच. यंदा मे महिन्यात बाबा पहिल्यांदा इथे आले, विमानतळावरून घरी आल्यावर चहा पण न घेता मागे गेले आणि खळग्याच्या बाजूचा तिसरा खांब दोन्ही हातांनी धरून हलवून बघितला. हलला नाही.